आंतरराष्ट्रीय संघर्षांवरचं संशोधन धोरणकर्त्यांपर्यंत कसं पोचवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संरक्षणशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि परकीय भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी गेली काही वर्षं कार्यशाळा घेतो. प्रबंध लिहून झाला, आता तो दिल्लीतल्या माणसाच्या टेबलावर कसा जाईल, हा तिथला कायमचा विषय. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कधी अधिकारीही उलट बाजूने तेच विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

विद्यापीठाने ज्ञान मिळवावं, सरकारने कारभार करावा. दोघांना जोडायची गरजच काय?

२०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. बऱ्याच कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. त्यानंतर नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा हंगाम सुरू झाला, तेव्हा न्हावा शेवाहून निघालेल्या कंटेनरला जास्त दिवस आणि जास्त भाडं लागू लागलं. निफाडच्या बागायतदाराला हुथी कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यांना काय हवं आहे, इराणचं त्यांच्यापुढे किती चालतं, यावर आयुष्य घालवलेले अभ्यासक जगात होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे हजारो भारतीय मुलं वैद्यकीय शिक्षण घेत होती. महाराष्ट्रातलीही बरीच होती. 'ऑपरेशन गंगा'त त्यांना पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियामार्गे परत आणलं. सीमेजवळ होती ती लवकर सुटली. पूर्वेकडच्या खारकीव्ह आणि सुमीत अडकलेल्यांनी तळघरांत दिवस काढले.

असं संकट आलं की अधिकाऱ्याला वाचायला वेळ नसतो. त्या दिवसांत तो डोक्यात आधीपासून जे आहे त्यावरच काम करतो. म्हणून अभ्यासकाने जे पोचवायचं ते संकटाच्या आधी पोचलं पाहिजे, आणि इतक्या सोप्या रूपात की ते डोक्यात राहील. या पानावरची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

भारतात असं कधी घडलं आहे का?

घडलं आहे. सर्वपल्ली गोपाल हे व्यवसायाने इतिहासकार. १९५० च्या दशकात ते परराष्ट्र मंत्रालयाच्या इतिहास विभागाचे संचालक होते. चीनबरोबरचा सीमावाद चिघळला तेव्हा, १९५९ च्या अखेरीस, ते लंडनला गेले. इंडिया ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश राजवटीत भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, दप्तरखान्यातले नकाशे, पत्रव्यवहार आणि अहवाल त्यांनी तपासले आणि भारताची बाजू भक्कम असल्याचं मत पंतप्रधान नेहरूंना दिलं. १९६० साली दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या ज्या बैठका झाल्या, त्यांत भारताची मांडणी अशा कागदपत्रांवर उभी होती.

हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण ते गोड शेवटाचं नाही. दोन वर्षांत युद्ध झालं. आपला पुरावा पक्का आहे ही खात्री झाल्यामुळे तडजोडीची जागा कमी झाली का, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझं मत असं की पुरावा तपासणं हे इतिहासकाराचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. त्या पुराव्याचं वाटाघाटीत काय करायचं, समोरच्याला तो कसा दिसेल, हे विचारणारं दुसरं कुणीतरी खोलीत असायला हवं होतं. चीनचं अंतर्गत राजकारण जाणणारी, चिनी भाषेत वाचणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतले एक आपले वसंत वासुदेव परांजपे. पुण्यात संस्कृत शिकलेला हा तरुण १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर चीनला गेला आणि पुढे नेहरूंच्या चिनी नेत्यांबरोबरच्या भेटींत दुभाषा म्हणून बसला. भाषा शिकलेला एक विद्यार्थी किती आतपर्यंत पोचू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९६२ च्या पराभवानंतर 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९६५ मध्ये, दिल्लीत संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था उभी राहिली. युद्धाचा अभ्यास सेनापतींपुरता ठेवायचा नाही, ही त्यामागची भूमिका. २०२० पासून या संस्थेला गोव्याचे मनोहर पर्रीकर यांचं नाव आहे. पुणे विद्यापीठातला संरक्षणशास्त्राचा विभागही साठच्या दशकातलाच. जेएनयूमधलं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं केंद्र त्याहून जुनं: १९५५ साली सप्रू हाउसमध्ये ते स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालं आणि १९७० मध्ये जेएनयूत आलं.

मग दिल्लीत प्राध्यापकांचं कुणी ऐकत नाही, असं का म्हणतात?

कारण त्यात बरंच तथ्य आहे. कारगिलचं युद्ध संपताच, जुलै १९९९ मध्ये, सरकारने आढावा समिती नेमली. अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम, म्हणजे सनदी सेवेतून आलेले आणि वर सांगितलेली संरक्षण अभ्यास संस्था अनेक वर्षं चालवलेले सामरिक तज्ज्ञ. सोबत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि राजनैतिक अधिकारी सतीश चंद्र. समितीने काही महिन्यांत अहवाल दिला, तो फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला आणि गुप्तवार्ता यंत्रणेत बदल झाले. काम उत्तम झालं. पण या चौघांत विद्यापीठात पूर्णवेळ शिकवणारं कुणीही नव्हतं.

सरकारच्या बाजूची अडचण खरी आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत अधिकारी जेमतेम हजाराच्या आसपास. एकेका सहसचिवाकडे कित्येक देशांचं डेस्क. दोन-तीन वर्षांत बदली. माणूस विषयात मुरतो तोवर त्याचं सामान दुसऱ्या देशाच्या दूतावासाकडे रवाना होतं.

आपल्या बाजूचा दोषही सांगायला हवा. आपले बरेच प्रबंध 'भारत-अमुक संबंध : एक अभ्यास' अशा मथळ्याचे असतात. त्यात कुठलाही प्रश्न नसतो, त्यामुळे उत्तरही नसतं. अधिकाऱ्याला जे वर्तमानपत्रातून कळलेलं आहे, तेच तीनशे पानांत संदर्भांसह सांगितलेलं असतं. ज्या देशावर लिहिलं तिथली भाषा येत नाही आणि तिथे पाऊलही ठेवलेलं नाही, असे प्रबंध मी स्वतः तपासले आहेत. यात विद्यार्थ्याचा दोष थोडा. प्रवासाला पैसा कुणी दिला होता त्याला?

अधिकाऱ्याला नेमकं हवं काय असतं?

मी पहिल्यांदा दिल्लीत एका अधिकाऱ्याला भेटलो तेव्हा अडतीस पानांचा निबंध घेऊन गेलो होतो. त्यांच्या टेबलावर डावीकडे नस्त्यांची चळत, उजवीकडे गार झालेला चहा. त्यांनी शीर्षक वाचलं, थेट शेवटचं पान उघडलं, तिथे संदर्भसूची दिसली म्हणून दोन पानं मागे आले, निष्कर्ष वाचला. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे मी कुणापुढे ठेवू, आणि कधी?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाने माझं पुढचं सगळं काम बदललं.

अधिकारी रोज टिपण्या लिहितो आणि त्या वर पाठवतो. तुमचं काम त्याच्या टिपणीत बसलं तरच ते पुढे सरकतं. म्हणून दोन पानं लिहा. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष. मग तो कशावरून काढला. मग तो कुठे लागू होत नाही. शेवटी, येत्या सहा महिन्यांत कुठल्या बैठकीला, भेटीला, मतदानाला किंवा कराराच्या नूतनीकरणाला त्याचा उपयोग आहे.

एक नमुना देतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताने आजवर दोन लाखांहून अधिक सैनिक पाठवले आहेत, म्हणजे हा आपल्या घरचाच विषय. त्यावरच्या एका नावाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष विद्यार्थी असा लिहितात: 'आफ्रिकेतील यादवी संघर्षांच्या संदर्भात शांतिसेनेचे संख्याबळ व नागरी मृत्यू यांमध्ये ऋण सहसंबंध आढळून येतो.' हेच असं लिहा: 'शांतिसेनेत सशस्त्र सैनिक आणि पोलीस जास्त असले की नागरिक कमी मारले जातात. नुसते निरीक्षक पाठवून हे साधत नाही. म्हणून मोहिमेचं मनुष्यबळ कापायचा प्रस्ताव आला, तर नेमकं कोणतं मनुष्यबळ कापलं जातंय हे आधी विचारावं.' दुसऱ्या मांडणीत संशोधन तसूभरही पातळ झालेलं नाही. फक्त ते आता कुणाच्या तरी हातात धरता येतं.

२०१४ साली पॉल एव्ही आणि मायकेल डेश या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या वरिष्ठ सुरक्षा अधिकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांचा बारकाईने केलेला अभ्यास आणि एखाद्या प्रदेशाची खोल जाण, हे त्यांना उपयोगी वाटत होतं. गणिती प्रारूपांविषयी ते साशंक होते. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

'शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिलं तर चालेल का?

कृपया लिहू नका. मराठी वर्तमानपत्रांत हे वाक्य रोज भेटतं आणि त्यातून काहीही कळत नाही. पाऊस पडायची शक्यता नाकारता येत नाही, युद्धाचीही नाही.

शर्मन केंट हे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक, पुढे सीआयएत गेले. १९५१ साली त्यांच्या चमूने युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' असल्याचं लिहिलं. नंतर केंट यांनी चमूतल्याच सहकाऱ्यांना विचारलं, या शब्दांतून तुम्हाला किती टक्के म्हणायचं होतं? उत्तरं २० पासून ८० टक्क्यांपर्यंत आली. एकाच कागदावर सह्या केलेल्या माणसांची ही गत, तर वाचणाऱ्याचं काय होणार! तेव्हापासून केंट शब्दांना आकडे जोडायच्या मागे लागले. तुम्हीही जोडा. 'येत्या वर्षभरात हे घडण्याची शक्यता माझ्या अंदाजाने तीसेक टक्के, कारण ही तीन' असं लिहिलं की वाचणारा तुमच्याशी वाद घालू शकतो, आणि वर्षाने तुमचा अंदाज तपासूही शकतो. चुकाल. चुकलात तर कुठे चुकलात हे तरी कळेल.

आकडेवारीचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण आकडा कसा तयार झाला हे माहीत असेल तरच. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगातल्या सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवली जाते. तिची मालिका १९४६ पासूनची आहे आणि जगभरची सरकारं, संयुक्त राष्ट्रं ती वापरतात. निकष असा: दोन बाजूंपैकी निदान एक एखाद्या देशाचं सरकार हवं, आणि लढाईशी संबंधित मृत्यू वर्षाला किमान २५ हवेत. हजाराला पोचले की त्याला युद्ध म्हणायचं.

आता गलवान घ्या. जून २०२० मध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले. चीनने पुढे स्वतःचे चार सैनिक मेल्याचं मान्य केलं. अधिकृत आकड्यांची बेरीज चोवीस. उंबरठा पंचवीसचा! म्हणजे त्या वर्षीचा भारत-चीन संघर्ष यादीत येणार की नाही, हे एका मृत्यूच्या अंदाजावर आणि कुठल्या स्रोतावर विश्वास ठेवायचा यावर येऊन ठेपतं. शिवाय गोळी चाललीच नव्हती. खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी आणि दगडांनी झालेली मारामारी होती ती. याला 'सशस्त्र' म्हणायचं का? उप्सालाच्या व्याख्येत दांडकी आणि दगडसुद्धा शस्त्रांत मोडतात. संशोधकांनी हा विचार आधीच करून ठेवला होता. मला या बारकाव्याविषयी मनापासून आदर वाटतो. वर्गात मी याच एका उदाहरणावर पूर्ण तास घेतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९९४ मध्ये तिथल्या सरकारने, सीआयएच्या पैशातून, विद्यापीठातल्या अभ्यासकांचा एक कार्यगट बसवला. कुठल्या देशात राज्यव्यवस्था कोसळेल किंवा यादवी पेटेल, हे आधी ओळखता येईल का, हा प्रश्न. शेकडो घटक तपासल्यावर २०१० साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात चारच उरले होते: राजवटीचा प्रकार, बालमृत्यूचं प्रमाण, शेजारी देशांतला संघर्ष आणि सरकारच एखाद्या समाजाशी भेदभाव करतं का. दोन वर्षं आधी ऐंशी टक्क्यांहून जास्त अचूकतेने अंदाज बांधता येत होता. बालमृत्यू आणि यादवी युद्ध यांचा काय संबंध, असं पहिल्यांदा वाटतं. पण जे सरकार तान्ह्या मुलांना जगवू शकत नाही त्याचा हात गावापर्यंत पोचत नाही, आणि बंडखोर तिथेच पाय रोवतात.

संशोधन वर पोचता पोचता त्याचा अर्थ बदलतो का?

बदलतो, आणि याची काळजी अभ्यासकानेच घ्यायची असते.

लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत, हा निष्कर्ष अमेरिकी अभ्यासक मायकेल डॉयल यांनी १९८३ मध्ये ठळकपणे मांडला, त्यावर पुढे ढिगाने काम झालं. १९९४ च्या जानेवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकी संसदेसमोरच्या भाषणात तो वापरला. इथवर ठीक. पण वाक्य छोटं होत गेलं. 'प्रस्थापित लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत' याचं 'लोकशाही आणली की शांतता येते' असं झालं. १९९५ मध्ये एडवर्ड मॅन्सफील्ड आणि जॅक स्नायडर यांनी दाखवलं की लोकशाहीकडे जाण्याच्या वाटेवर असलेले, संस्था कच्च्या असलेले देश उलट युद्धाला जास्त प्रवृत्त होतात. हे दुसरं वाक्य भाषणात बसायला गैरसोयीचं होतं. इराकमध्ये २००३ नंतर त्याची किंमत कुणी मोजली, हे आपण पाहिलं.

म्हणून टिपणीत 'हा निष्कर्ष कुठे लागू होत नाही' हा परिच्छेद सर्वांत जपून लिहा. जागा कमी पडली तर दुसरं काहीही कापा.

सरकारचा किंवा लष्कराचा पैसा घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण तो लपवायचा नाही. १९६४ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने 'प्रोजेक्ट कॅमेलॉट' आखला. विकसनशील देशांत बंडं का होतात याचा सामाजिक शास्त्रज्ञांकडून अभ्यास करून घ्यायचा होता. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग तेव्हा चिलीत शिकवत होते. त्यांना निमंत्रण आलं, त्यांनी नकार दिला आणि चिलीतल्या सहकाऱ्यांना सावध केलं. तिथे गदारोळ झाला आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. वाईट याचं वाटतं की पुढे कित्येक वर्षं लॅटिन अमेरिकेत प्रामाणिक परदेशी संशोधकाकडेही लोक हेर म्हणून पाहत राहिले.

२००७ मध्ये अमेरिकी लष्कराने मानवशास्त्रज्ञांना थेट तुकड्यांबरोबर इराक-अफगाणिस्तानात नेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने विरोध नोंदवला. माहिती देणाऱ्या गावकऱ्याला आपण कुणाशी बोलतोय हे कळत नव्हतं, आणि त्याचं पुढे काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नव्हतं. या कार्यक्रमात तीन संशोधकांचे जीवही गेले. तुम्ही मुलाखत घेतलेल्या माणसाचं नाव, गाव, नात्यागोत्याची माहिती कुठल्याही सरकारी कागदावर जाऊ देऊ नका. हा नियम मी कुणासाठीही शिथिल करत नाही.

निष्कर्ष सरकारच्या धोरणाविरुद्ध गेला तर?

तर तो तसाच सांगायचा. २६ सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेतल्या ३३ अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन इराकवरचं युद्ध देशहिताचं नाही असं सांगितलं. त्यांत जॉन मीअर्शायमर आणि केनेथ वॉल्ट्झ यांच्यासारखी, जगाचं राजकारण ताकदीवर चालतं असं मानणारी माणसं होती, ज्यांना कुणी भाबडे शांततावादी म्हणू शकलं नसतं. युद्ध थांबलं नाही. तरीही मला ती जाहिरात फुकट गेली असं वाटत नाही. काय माहीत होतं आणि कधी, याची नोंद राहिली.

भारतात सरकारी विद्यापीठातल्या शिक्षकाला हे अवघड जातं, हे मान्य. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख अशा विषयांवरच्या ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांना पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. वैज्ञानिकांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवला, पुढच्याच महिन्यात ती सूचना मागे घेतली गेली. आवाज उठवल्याने फरक पडतो, हेही यातून दिसतं.

आपल्याकडे कागदपत्रंच मिळत नाहीत. संशोधन करायचं कशावर?

ही माझीही सर्वांत जुनी खंत आहे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केला, तोच आपण वाचतो. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे पंचवीस वर्षांनी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत. माहिती अधिकारात सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचा अपवाद आहे. बाकीचे बरेच अपवाद वीस वर्षांनी गळून पडतात, हा पडत नाही.

तरी हात बांधलेले नाहीत. संसदेतले तारांकित-अतारांकित (म्हणजे तोंडी आणि लेखी उत्तराचे) प्रश्न आणि त्यांची उत्तरं हा सोन्याचा साठा आहे आणि तो फुकट आहे. स्थायी समित्यांचे अहवाल वाचा. लंडन आणि वॉशिंग्टनमधल्या अभिलेखागारांत भारताविषयीचे असंख्य कागद खुले आहेत, त्यांतले बरेच घरबसल्या मिळतात. निवृत्त अधिकाऱ्यांना भेटा. पुण्यात तर गल्लोगल्ली निवृत्त कर्नल आणि ब्रिगेडियर राहतात, आणि कुणी आस्थेने विचारायला आलं की ते तासन् तास बोलतात.

'ट्रॅक टू' म्हणजे काय? त्यात प्राध्यापकांना का बोलावतात?

सरकारं उघडपणे बोलू शकत नाहीत तेव्हा बिगरसरकारी माणसं बोलतात, ती वाट. भारत-पाकिस्तानमध्ये १९९१ पासूनचा नीमराणा संवाद हे जुनं उदाहरण. प्राध्यापकाचा फायदा असा की उद्या बोलणी फिसकटली तर सरकार म्हणू शकतं, 'ते त्यांचं वैयक्तिक मत होतं.'

इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या १९९३ च्या ऑस्लो कराराची सुरुवात अशीच झाली. नॉर्वेची एक संशोधन संस्था गाझा आणि वेस्ट बँकमधल्या लोकांच्या राहणीमानाची पाहणी करत होती. तिचे प्रमुख टेर्ये रॉड-लार्सन यांच्या ओळखीतून जानेवारी १९९३ मध्ये सार्प्सबोर्गजवळ पहिली बैठक झाली. इस्रायलकडून आले होते याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंदाक, दोघेही अभ्यासक. इस्रायली अधिकारी काही महिन्यांनी सामील झाले.

मी दिल्लीत नाही, कुणी ओळखीचं नाही. सुरुवात कुठून करू?

जिथे आहात तिथून. पालघर, डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. सागरी सीमेजवळ पाकिस्तानची यंत्रणा बोट पकडते आणि ही माणसं कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी देतात. त्या याद्यांतले आकडे प्रसिद्ध होतात. आता तुम्ही पालघरच्या कॉलेजात शिकत असाल तर विचार करा: घरातला कमावता माणूस पकडला गेल्याचं घरी किती दिवसांनी कळतं? कोण सांगतं? शिक्षा भोगून झाल्यावरही सुटायला किती काळ लागतो? पाड्यावर जाऊन वीस घरांत बसून हे विचारणं दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाला जमणार नाही. तुम्हाला जमेल. आणि हा आंतरराष्ट्रीय संघर्षाचाच अभ्यास आहे, अगदी गाभ्यातला.

तेवढं झालं की दोन पानं लिहा आणि तुमच्या खासदाराच्या कार्यालयात नेऊन द्या, अधिवेशनाच्या महिनाभर आधी. खासदाराला चांगले प्रश्न हवेच असतात. प्रश्न विचारला गेला की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं, उत्तर तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला तुमची टिपणी कामाची असते, आणि छापील उत्तर तुमच्या पुढच्या लेखाचा पुरावा होतं. संसदेच्या स्थायी समित्याही विषय हाती घेताना लेखी निवेदनं मागवतात. त्या सूचनांवर लक्ष ठेवा. मी पाहिलं आहे, फार थोडे लोक पाठवतात.

मराठीत लिहून काय उपयोग?

खासदार मराठी वाचतात, संपादक मराठी वाचतात, ज्यांच्या घरातला माणूस कराचीत आहे ते मराठी वाचतात. टिपणी इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. विषय मात्र मराठीतही मांडा.

टिपणी पाठवली, उत्तरच आलं नाही. पुढे काय?

बहुतेक वेळा येत नाही. पोच आली नाही म्हणून वाचली नाही असं समजू नका. एकदा माझ्या एका विद्यार्थिनीच्या टिपणीतला आकडा दीड वर्षाने संसदेतल्या उत्तरात जसाच्या तसा दिसला. तिचं नाव कुठेच नव्हतं. तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता.

सहा महिने थांबा. त्या डेस्कवर नवा अधिकारी आला का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. आला असेल तर आकडे ताजे करा, तारीख बदला, पहिला परिच्छेद पुन्हा वाचून आणखी एक वाक्य कमी करा आणि परत पाठवा. नव्या माणसाचे पहिले दोन महिने वाचण्याचे असतात.